जुन्या ट्रकच्या डिझेल टाकीचे ब्रॅकेट, पट्टे आणि बोल्ट बदलले: दिवसवार नोंदी

ट्रक साधारण २० वर्षं जुना. डाव्या लाँग मेंबरला (चासीच्या लांब तुळईला) बाहेरून लटकवलेली ३५० लिटरची लोखंडी टाकी आहे. खाली एल आकाराचे दोन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला ४ बोल्ट, टाकीवरून फिरवलेले दोन पट्टे आणि मध्ये रबराच्या पट्ट्या, बस एवढंच सामान. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे. पहिल्या बोल्टपासून शेवटच्या तपासणीपर्यंत दोन महिने गेले, त्यातले निम्मे दिवस माझ्याच चुकांमुळे गेले, म्हणून सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

४ ऑक्टोबर

खड्ड्यातून गाडी गेली की डाव्या बाजूने खट असा आवाज यायचा. मी आधी स्प्रिंगचे बुश बघितले, शॅकल बघितले, शॉकअब्सॉर्बर बघितला, सगळं ठीक. मग टाकीला हात लावून जोरात हलवली तर आवाज तिथूनच.

खाली झोपून बॅटरी मारली तर तीन गोष्टी दिसल्या. मागच्या ब्रॅकेटच्या बोल्टच्या डोक्याभोवती लालसर भुकटी साचलेली, जणू कुणी कुंकू शिंपडलंय. ही भुकटी दिसली म्हणजे बोल्ट बाहेरून कितीही घट्ट वाटला तरी आत दोन पत्रे एकमेकांवर घासतायत असं समजायचं, नुसता गंज असा भुकटीसारखा पडत नाही. दुसरं, पट्ट्याखालचं रबर अर्धं बाहेर सरकून आलेलं. तिसरं, टाकीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा जवळजवळ १ सेंटीमीटर खाली.

हिशोब केला आणि पोटात गोळा आला. डिझेलचं वजन लिटरला साधारण ८४० ग्रॅम, म्हणजे ३५० लिटरचे २९४ किलो, वर टाकीचं स्वतःचं वजन. हे सगळं खड्ड्यात आपटतं तेव्हा बोल्टवर येणारा झटका याच्या कितीतरी पट असतो. गाडी त्याच दिवशी उभी केली. कुणी म्हणेल अजून एक ट्रिप निघाली असती, पण रस्त्यावर टाकी खाली आली तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होईल हा विचार केल्यावर ट्रिप वगैरे काही सुचत नाही.

५ ऑक्टोबर

मापं घेतली. बोल्टच्या डोक्यावर वायर ब्रश मारला तेव्हा ८.८ असा आकडा दिसला. तीन बोल्टांवर काहीच आकडा नाही, म्हणजे मधे कुणीतरी मिळेल तो बोल्ट घालून वेळ मारून नेली होती. आकडा नसलेला बोल्ट इथे घालायचाच नाही. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे बोल्ट साधारण ८०० मेगापास्कलला तुटणार, आणि दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जायला लागणार. नटही त्याच दर्जाचा लागतो, ८.८ ला ८ चा नट. इंची बोल्ट असलेली गाडी असेल तर डोक्यावर आकडा नसून रेघा असतात, ३ रेघा म्हणजे ग्रेड ५, ६ रेघा म्हणजे ग्रेड ८.

जाडी व्हर्नियरने मोजली, एम १४, म्हणजे १४ मिलिमीटर. लांबी मोजली. आट्यांचं अंतर मोजलं नाही. ही चूक लक्षात ठेवा, ती १४ तारखेला भेटते.

सामान मागवलं: ८ बोल्ट, नट, जाड कडक वॉशर, दोन नवे ब्रॅकेट, दोन नवे पट्टे ते आवळायच्या टी बोल्टसकट, आणि ३ मिलिमीटर जाडीची नायट्राइल रबर (डिझेलमध्ये टिकणारं रबर) पट्टी. पट्टी सोडून सगळं दोन दिवसांत आलं.

८ ऑक्टोबर

आज फक्त टाकी रिकामी करायची होती, सकाळ पुरेल असं धरलं होतं. गेला अख्खा दिवस.

बॅटरीची आधी निगेटिव्ह काढली, मग पॉझिटिव्ह. हँडब्रेक, चाकांना दोन्हीकडून ठोकळे. खालचा ड्रेन प्लग इतका गंजलेला की रिंग पाना फिरला तेव्हा प्लग नाही, प्लगचे कोपरेच फिरले. मग म्हटलं वरून पंपाने काढू. तोंडातून नळी घातली तर ती वीतभर जाऊन अडली, आत जाळी आहे. जुन्या टाक्यांच्या तोंडाला अशी जाळी असतेच, मला आठवायला पाहिजे होतं. शेवटी डिझेलचा काटा चालवणाऱ्या फ्लोटची चकती उघडली. ५ स्क्रू, दोन उघडले, तीन डोक्याला गुळगुळीत झाले, छिन्नीने हळूहळू फिरवून काढले. ठिणगी नको म्हणून हातोडा अगदी जपून, आणि आजूबाजूला ओलं फडकं.

इथे एक सांगतो. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण जवळपास रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि तीच जास्त धोक्याची असते. टाकी गाडीवर असेपर्यंत ग्राइंडर नाही, गॅस कटर नाही, वेल्डिंग नाही. डिझेल तोंडाने ओढायचं नाही. पत्र्याच्या डब्यात काढायचं, आणि डबा, नळी, टाकी यांच्यात एक जाड तार जोडून ठेवायची म्हणजे वाहत्या डिझेलने चार्ज साठत नाही.

पंपात हवा यायला लागली, मी म्हटलं झाली टाकी रिकामी.

९ ऑक्टोबर

झाली नव्हती. माझी नळी तळापासून काही सेंटीमीटर वरच राहिली होती, आणि ३५० लिटरच्या टाकीत त्या काही सेंटीमीटरांत २० लिटरच्या वर माल असतो. मी आणि धाकटा भाऊ टाकीखाली जॅक आणि फळी लावून पट्टे सोडले. मागचा पट्टा सोडताना पानाही नीट लागला नाही, पट्टा हातातच आला. रबराखाली तो आधीच तडकलेला होता, जेमतेम दोन बोटं रुंद पत्र्यावर अख्खी मागची बाजू उभी होती. बाहेरून बघितलं असतं तर कधीच कळलं नसतं.

टाकी जॅकवर आली आणि आतलं डिझेल एका बाजूला धावलं. टाकी तिरकी झाली, फळीवरून सरकली. भाऊ ओरडला, "दादा, हात काढ!" मी हात काढला म्हणून बोटं वाचली. टाकी जमिनीवर टेकली, कोपऱ्याला छोटा पोचा आला.

नंतर जे केलं ते आधीच करायला पाहिजे होतं: दोन जाड लाकडी ठोकळ्यांना टाकीच्या गोलाईप्रमाणे खोलगट कापलं, ते ट्रॉलीवर ठोकले, टाकी त्यात बसते आणि घरंगळत नाही. या पाळण्याला दीड तास लागला, पण परत बसवताना अर्धा दिवस वाचला. उरलेलं डिझेल फ्लोटच्या भोकातून टाकी कलती करून काढलं, २३ लिटर निघालं, शेवटचे दोन लिटर म्हणजे काळा चिखल आणि पाणी.

पाइप काढताना सप्लाय आणि रिटर्न दोघांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली, उघड्या तोंडांना बुच मारलं. हे एक काम पहिल्याच वेळी नीट झालं.

१० ऑक्टोबर

ब्रॅकेटचे ८ बोल्ट. आदल्या दिवशी संध्याकाळीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, रात्रभर मुरलं. ५ बोल्ट लांब दांड्याच्या गोटी पान्याने निघाले. एक वळताना तुटला, तो बिनआकड्याचा होता. राहिले दोन.

टाकी आता लांब दुसऱ्या टोकाला, बुच मारलेली, त्यामुळे एका बोल्टाचं डोकं ग्राइंडरने उडवलं आणि पंचने मागून ठोकून काढला. शेवटचा बोल्ट पुढच्या ब्रॅकेटचा, तो क्रॉस मेंबरच्या (दोन लाँग मेंबर जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) गसेट प्लेटला, म्हणजे कोपऱ्याच्या आधाराच्या पत्र्याला, वेल्ड केलेल्या नटात जातो कारण आतून पाना घालायला जागाच नाही. गॅसने लाल करून काढ असा सल्ला मला मिळाला होता. केला नाही. लाँग मेंबरचं पोलाद बऱ्याच गाड्यांत उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं, तिथे लाल होईपर्यंत तापवलं की त्या जागेची ताकद जाते आणि पुढे तिथूनच तडा सुरू होतो. म्हणून घट्ट कर, सोड, तेल टाक, परत थोडं घट्ट कर, परत सोड, एका वेळी पाव फेरा असं करत गेलो. पावणेदोन तास लागले एका बोल्टला. पण आटे शाबूत निघाले.

११ ऑक्टोबर

लाँग मेंबर साफ केला. जुना ब्रॅकेट आणि लाँग मेंबर यांच्यामध्ये गंजाची पपडी थरावर थर साचलेली, काही ठिकाणी ३ मिलिमीटर. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून ब्रॅकेटला ढकलत राहतो, ब्रॅकेट वाकतो आणि मग बोल्टाचं डोकं एका कडेवरच टेकतं. माझा मागचा ब्रॅकेट असाच वाकलेला होता.

छिन्नीने पपडी, मग वायर ब्रश, मग पॉलिश पेपर. चकचकीत झाल्यावर प्रत्येक भोकाभोवती भिंगाने तडा शोधला. तडा नाही. हे बघितल्यावर फार बरं वाटलं, कारण तडा असता तर हे काम माझ्या हाताबाहेरचं होतं. भोकं मोजली: ७ भोकं १४.५ ते १५ मिलिमीटर, एक मागचं मात्र लांबट झालेलं, एका दिशेने १६. त्यासाठी ६ मिलिमीटर जाडीची सपाट प्लेट कापून दोन बोल्टांना मिळून एकच मोठा वॉशर केला म्हणजे दाब पसरेल. नवीन भोक पाडायचा मोह झाला होता. लाँग मेंबरच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीत तर भोक पाडायचंच नाही, ताण सगळ्यात जास्त तिथे असतो, आणि उभ्या भागात पाडायचं तरी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये अंतरं दिलेली असतात ती बघून.

१२ ऑक्टोबर

रंग. झिंक प्रायमरचे दोन हात, वर काळ्या रंगाचे दोन हात, लाँग मेंबरला पण आणि नवीन ब्रॅकेटच्या सगळ्या बाजूंना पण. मन लावून केलं, एक थेंब ओघळला नाही. त्या दिवशीच्या फोटोत इतकं सुंदर दिसतंय की पुढे काय झालं ते बघून वाईट वाटतं.

१४ ऑक्टोबर

ब्रॅकेट बसवायला घेतले. आरपार जाणारे ७ बोल्ट आपल्याच नवीन नटात बसले. गसेटवाला बोल्ट दोन आटे गेला आणि अडकला. मला वाटलं रंग लागलाय, पान्याने अजून एक आटा रेटला. परत येईना.

कारण: नवीन बोल्टाचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ मिलिमीटर आणि वेल्ड केलेल्या नटाचा १.५. एम १४ दोन्हीत मिळतो, डोळ्याला फरक पटकन दिसत नाही. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट आट्याला आटा लावून उजेडासमोर धरला असता तर दोन सेकंदांत कळलं असतं. बोल्ट ओढून काढला, पहिले दोन आटे खराब झाले, एम १४ गुणिले १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हळू फिरवला, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे. आटे सुधारले. बरोबर पिचचा बोल्ट आणेपर्यंत दिवस संपला.

नवीन बोल्ट आणताना अजून एक लक्षात आलं. मी आणलेले सगळे बोल्ट पूर्ण आट्यांचे होते, जुने मात्र अर्धे गुळगुळीत दांड्याचे. ब्रॅकेट आणि लाँग मेंबर जिथे एकमेकांना चिकटतात तिथे बोल्टाचा गुळगुळीत भाग यायला पाहिजे. आटे आले तर तिथला बोल्ट प्रत्यक्षात बारीक असतो आणि आट्यांच्या धारा भोक खातात. सगळे ८ परत केले, अर्ध्या आट्यांचे घेतले. पैशाचं नुकसान फार नाही, कारण या कामात बोल्टांचा खर्च सगळ्यात कमी असतो, पण जाण्यायेण्यात अजून एक सकाळ गेली.

१५ ऑक्टोबर

टाकी बघायची राहिली होती. रबर बसत होतं तेवढ्या भागात टाकीचा पत्रा खड्डे खड्डे झालेला. रबर फाटलं की त्याच्या आणि पत्र्याच्या फटीत पाणी आणि माती अडकते आणि ते कधी वाळतच नाही, त्यामुळे बाकी टाकी ठणठणीत आणि तेवढाच भाग सडका. टाकी ॲल्युमिनियमची आणि पट्टा लोखंडी असेल तर अजून वाईट, रबर गेलं की दोन धातू ओल्यात एकमेकांना भिडतात आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

खड्डे सुईने टोचून बघितले, आरपार एकही नाही. खात्रीसाठी जुनी पद्धत वापरली: बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप दिला, वाळू दिला, टाकी त्या बाजूवर आडवी करून आत थोडं डिझेल टाकलं आणि रात्रभर ठेवलं. सुईएवढं भोक असलं तरी पांढऱ्यावर काळसर डाग उठतो. कॉम्प्रेसरची हवा भरून बघायचा विचारही करू नका, चपट्या बाजूच्या टाकीला थोड्याशा दाबाने फुगारा येतो आणि फुटली तर जीवाशी खेळ.

१६ ऑक्टोबर

एकही डाग नाही. ९ तारखेच्या पोच्यापाशीही नाही. खड्डे घासून इपॉक्सी प्रायमर मारला. ड्रेन प्लगही आज तेल लावून मोठ्या पाइप पान्याने निघाला, नवा प्लग आणि नवा तांब्याचा वॉशर.

१७ ऑक्टोबर

नायट्राइलची पट्टी अजून आली नव्हती. टाकी खाली पडून, गाडी उभी राहून दोन आठवडे होत आले होते, घरात रोज विचारणा. मी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून लावलं. जाडी बरोबर, मऊ, फुकट. त्या वेळी मला हे अगदी योग्य वाटलं होतं.

ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर आला की टक वाजणारा पाना). माझ्या मॅन्युअलमध्ये या बोल्टांना १३० न्यूटन मीटर दिलंय, कोरड्या आट्यांना. तेल किंवा ग्रीस लावून तोच आकडा दिला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो, म्हणून आटे पुसून कोरडे केले. आधी सगळे हाताने, मग ७० ला, मग १३० ला, तिरक्या क्रमाने.

पाळण्यावरून टाकी वर चढवली, दोघांना दहा मिनिटं. पट्टे. इथे भावाला वाटलं जेवढं घट्ट तेवढं चांगलं, "अजून एक आटा देऊ का दादा?" नाही द्यायचा. पट्ट्याच्या टी बोल्टला मॅन्युअलमध्ये फक्त २५ न्यूटन मीटर आहे, ब्रॅकेटच्या बोल्टच्या पाव भागापेक्षाही कमी. पट्ट्याचं काम टाकीला ब्रॅकेटच्या कुशीत दाबून धरणं एवढंच, वजन ब्रॅकेट उचलतो. जास्त आवळला की टाकीला खाच पडते नाहीतर पट्ट्याच्या टोकाचं वेल्डिंग सुटायला लागतं. दोन्ही पट्टे आळीपाळीने थोडे थोडे आवळले, वर नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले), जुने नायलॉक परत वापरायचे नाहीत. सगळ्या नटांवर नट आणि बोल्ट दोघांना धरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटली म्हणजे नट फिरला, खाली वाकून एका नजरेत कळतं.

१८ ऑक्टोबर

पाइप जोडले, फ्लोटला नवीन गॅस्केट, डिझेल भरलं, हँड पंपाने एअर काढली. गाडी चालू झाली, ४० सेकंद चालली, बंद. परत एअर काढली, परत ४० सेकंद. असं पाच वेळा.

खाली थेंब कुठेच नाही, म्हणून मी जॉइंटवर संशयच घेतला नाही. सप्लायच्या पाइपमध्ये पंप डिझेल ओढत असतो, तिथे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सप्लायमध्ये हातभर पारदर्शक नळी घातली तेव्हा बुडबुड्यांची माळ दिसली. बँजो बोल्टचे (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट, त्यांच्यातून डिझेल जातं) तांब्याचे वॉशर मी जुनेच लावले होते, एकदा दबलेले कडक होतात, परत नीट बसत नाहीत. नवे टाकले, बुडबुडे बंद, गाडी पहिल्या सेल्फला. साडेतीन तास चार वॉशरसाठी.

पाइप जिथे नवीन ब्रॅकेटच्या कडेला टेकत होता तिथे रबराची क्लिप लावून कडेपासून बोटभर दूर केला. घासून घासून पाइप फुटायला एक पावसाळा पुरतो.

२० ऑक्टोबर

टाकी पूर्ण भरून ८० किलोमीटर चालवली. आवाज नाही. परत येऊन टॉर्क पाना लावला. पट्टे थोडे सैल झालेले, ते अपेक्षित होतं, वजन आल्यावर रबर बसतं. पण ब्रॅकेटचे ८ पैकी ५ बोल्ट १३० च्या खूप आधी फिरायला लागले. पांढरी रेघ मात्र जागच्या जागी! म्हणजे नट फिरलेला नाही आणि तरी ताण गेलाय.

परत आवळले. दुसऱ्या दिवशी परत ४० किलोमीटर, परत तेच, ४ बोल्ट.

२२ ऑक्टोबर

डिझेल काढलं, टाकी परत उतरवली, मागचा ब्रॅकेट खोलला. उत्तर समोर होतं. ब्रॅकेटखालचा रंग पिळून कडांना बाहेर आलेला, वॉशरखाली रंगाची गोल कडी उठलेली. लाँग मेंबरवर चार हात, ब्रॅकेटवर चार हात, वॉशरखाली आणि नटाखाली वेगळे, म्हणजे एका बोल्टच्या पकडीत रंगाचे १६ थर. बोल्ट घट्ट राहतो तो केसभर ताणला गेलेला असतो म्हणून, रबरबँडसारखा. मधला रंग तेवढाच केसभर दबला की ताण संपला, नट फिरायची गरजच नाही. रेघेवर मी विसंबलो होतो आणि रेघ हे दाखवूच शकत नव्हती.

दोन्ही ब्रॅकेट काढले. जिथे धातू धातूला भिडतो तिथला आणि वॉशरखालचा सगळा रंग खरवडून फक्त प्रायमरचा एक पातळ हात ठेवला, पूर्ण दोन दिवस वाळू दिला. बाहेरचा रंग तसाच. १२ तारखेला जे मन लावून केलं त्यातलं निम्मं मन लावून खरवडलं. बोल्ट आणि नट परत नवे घेतले, दोनतीनदा आवळलेल्यांवर भरवसा ठेवायचा नव्हता.

२५ ऑक्टोबर

परत बसवलं, १३० ला. टाकी भरून ८० किलोमीटर. पाना लावला, आठही बोल्ट १३० ला टकटकले, एकही फिरला नाही. जोडताना कडांना सांधा भरायचं सीलंट लावलं म्हणजे फटीत पाणी जाणार नाही, रंग काढल्याची भरपाई तिथे झाली.

१६ नोव्हेंबर

मधे १,१०० किलोमीटर झाले. ब्रॅकेट ठणठणीत. पण मागच्या पट्ट्याखालून काळी जीभ बाहेर आलेली दिसली. ट्यूबचं रबर. डिझेल भरताना दरवेळी थोडं ओघळतं, ते पट्ट्याखाली जातं, आणि ट्यूबचं ब्यूटाइल रबर डिझेल पिऊन फुगतं. बोटाने दाबलं तर शिजवलेल्यासारखं मऊ. जुन्या पट्ट्याचं रबर बाहेर सरकलं होतं ते यामुळेच असणार, कुणीतरी माझ्याआधी हेच केलं होतं. साधं नैसर्गिक रबर आणि दारंखिडक्यांच्या बीडिंगचं ईपीडीएम सुद्धा डिझेलमध्ये असंच फुगतं. नायट्राइल टिकतं. कॅनव्हास असलेला जुना कन्व्हेयर बेल्टही काहीजण लावतात, पण कापलेल्या कडेतून त्यातला कपडा पाणी ओढतो आणि पत्र्याला ओलंच ठेवतो, म्हणून तोही नको.

नायट्राइल पट्टी २६ ऑक्टोबरलाच येऊन पडली होती, टाकी आदल्या दिवशीच बसवली म्हणून मी लावली नव्हती.

१७ नोव्हेंबर

पट्टे सोडले, टाकी पाळण्यावर तीन बोटं उचलली, ब्रॅकेटवर आणि पट्ट्याखाली दोन्हीकडे नायट्राइल. पट्टीची रुंदी पट्ट्यापेक्षा दोन्ही बाजूंनी ५ मिलिमीटर जास्त ठेवली, म्हणजे पट्टा कधी टाकीला टेकणार नाही. पाइप काढावेच लागले नाहीत, टाकीत ३० लिटर होतं, पाळण्यामुळे हललीही नाही. तीन तासांत झालं. पट्टे २५ ला.

१८ नोव्हेंबर

टाकी भरून ६० किलोमीटर, पट्टे परत २५ ला आणले, मागचा जेमतेम पाव फेरा फिरला, पुढचा तेवढाही नाही.

५ डिसेंबर

आणखी ९०० किलोमीटर. टॉर्क पाना सगळ्यांवर लावला, १० पैकी १० जागच्या जागी. नायट्राइलच्या कडा सरळ, बोटाने दाबलं तर टणक. लाल भुकटी कुठेच नाही, मुद्दाम पांढऱ्या फडक्याने बोल्टच्या डोक्यांभोवती पुसून बघितलं, फडकं नुसतं धुळीने मळलं. टाकीची पुढची आणि मागची उंची पट्टीने मोजली, सारखी. पुढची तपासणी पावसाळ्याआधी, तेव्हा एक पट्टा पूर्ण सोडून रबराखालचा पत्रा बघणार आहे.

पाळणा ठेवलाय. शेजाऱ्याच्या गाडीचंही हेच काम निघालंय, तो उद्या घेऊन जाणार आहे, त्याला आज फोनवर बोल्टचा पिच मोजायला सांगितला.